जगणाऱ्या बैलाचे कोण देणार? पशुसंवर्धन विभाग आणि गोसेवा आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र गोसेवा आयोग

विषय : म्हातारा बैल घरच्याच दावणीला सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला परिपोषण अनुदान मिळण्याबाबत

महोदय,

बैल थकला की घरात भांडण लागतं. ही बाब पशुगणनेत येत नाही, विधानसभेत येत नाही, आणि भांडणारे सगळे आपलेच असल्यामुळे पोलिसांतही जात नाही. म्हणून ती तुमच्यापर्यंत पोचली नसेल असं धरून लिहिते आहे. पोचली असेल तर मग लिहायलाच हवं.

मी माणदेशातल्या एका शेतकरी घरातली सून. जमीन बहुतेक कोरडवाहू. शाळू, थोडी बाजरी, आणि विहिरीच्या पाण्यावर कसाबसा जगवलेला डाळिंबाचा तुकडा. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि हौशा. हौशा आमचा बैल. कोसा खिल्लार, रस्त्याने जाणाऱ्याने वळून बघावं अशी शिंगं. दात बघून वय सांगायचे त्याचे दिवस गेले. दात जुळून, झिजून आता पडायलाही लागलेत. अख्खा कडबा त्याला चावत नाही, कुट्टी करून भिजवून द्यावी लागते. उठताना मागचे पाय थरथरतात. जोडीदार गेल्यापासून त्याच्या मानेवर जू चढलेलं नाही.

जोडीदाराचं नाव नवशा. २०२२ साली लम्पी आला त्यात तो गेला. तेव्हा राज्य सरकारने मदत जाहीर केली होती : गाय दगावली तर ३० हजार, बैल दगावला तर २५ हजार, वासरू दगावलं तर १६ हजार. पंचनामा झाला, पैसे खात्यावर आले. त्याबद्दल तक्रार नाही, उलट त्या दिवसांत मोठाच आधार झाला. पण पुढे एकदा जेवताना माझा नवरा बोलून गेला, "मेला त्याचं पंचवीस हजार आलं. जगला त्याचं कोण देणार?" माझे सासरे भरल्या ताटावरून उठून गेले. त्या दिवसापासून आमच्याकडे जे सुरू आहे त्याला भांडण म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता येत नाही. आवाज रोज चढत नाही. पण गोठ्याकडे जाताना प्रत्येकाची पावलं वेगळी पडतात.

एका बैलाचं औत होत नाही, हे तुमच्या विभागाला सांगायला नको. पूर्वी ज्याच्याकडे एकच बैल असायचा तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करायचा. आज तुझं रान, उद्या माझं. आता सावडीला बैलच कुणाकडे नाहीत. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर ६ कोटी ७९ लाख होते, २०१९ च्या गणनेत ते ४ कोटी ७४ लाखांवर आले. आमच्या शिवारात या आकड्यासाठी सरकारी पुस्तक उघडावं लागत नाही. पेरणीच्या दिवसांत बांधावर उभं राहिलं की पुरतं. नवा जोडीदार आणावा, तर तरण्या खिल्लाराचा भाव आता शर्यतवाले ठरवतात. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी करून दिली, तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाला मोल आलं. ओढणाऱ्याला कुणी विचारत नाही. (शर्यतीवर माझा राग नाही. माझा धाकटा शाळेपेक्षा तिकडेच जास्त रमतो.)

तर घरातल्या बाजू सांगते.

माझा नवरा दगडाच्या काळजाचा नाही. हौशाला पहिल्यांदा जुंपलं ते त्याने. खांदा सुजला तेव्हा रात्री उठून हळद-तेल लावलं ते त्याने. पण घराचं गणितही त्यालाच बसवावं लागतं. सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर, डाळिंबावर तेल्या आला की औषधाची उधारी त्याच्या नावावर. तो म्हणतो, २०१९ च्या दुष्काळात जनावरांसाठी चारा छावणी उघडली तेव्हा सरकारने मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपये धरले होते. वर्षाचे होतात साडेछत्तीस हजार. "भाव सरकारचा हाय, माझा न्हाय," हे वाक्य तो इतक्यांदा म्हणालाय की आता मुलंही त्याच्या मागे म्हणतात. त्या छावणीत आबा, म्हणजे माझे सासरे, हौशा-नवशाच्या शेजारी ताडपत्रीखाली झोपायचे. घरी यायचे ते धुतलेले कपडे न्यायला.

आबांची बाजू दोन शब्दांची. "कायदा हाय." म्हणजे बैल कापायला विकता येत नाही. याच्या पुढे ते जात नाहीत.

यावर एकदा नवऱ्याने त्यांना बोलायला नको ते बोललं. म्हणाला, "आधीची जोडी तुम्हीच बाजार दावली ना? तवा कुठं गेलतं प्रेम?" ते खरं होतं. माझं लग्न होण्याच्या आधीची गोष्ट, पण घरात सगळ्यांना ठाऊक. आबा बराच वेळ पाटावर बसून राहिले. मग म्हणाले, "तवा थोरलीचं लगीन होतं." आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या दिशी ह्यांनी भाकरी खाल्ली न्हवती." म्हणजे तेव्हाही भांडण झालंच होतं, फक्त ते आबांचं स्वतःशी झालं होतं आणि त्याचा निकाल पैशाने लागला होता.

ते पैसे येत होते कारण तेव्हाचा कायदा वेगळा होता. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाय वाचवली होती. बैलाबाबत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागायचा, की हा आता ओढकामाच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाचा राहिलेला नाही. १९९५ साली विधिमंडळाने दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१५ साल उजाडलं, आणि त्या वर्षीच्या मार्चपासून बैल आणि वळूही बंदीत आले. कत्तलीसाठी विकणं, घेणं, राज्याबाहेर धाडणं, सगळं बंद. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस बाळगण्याबद्दलचं कलम रद्द केलं, पण बैलाची बंदी कायम ठेवली.

म्हशीला ही बंदी नाही. आमच्या गोठ्यात हौशाच्या शेजारी बांधलेली म्हैस उद्या भाकड झाली तर व्यापारी दारात येईल, पाठीवर हात फिरवेल आणि रोख मोजून घेऊन जाईल. याआधी तशा गेल्याही आहेत. त्यावरून आमच्या घरात कधी कुणी जेवण सोडलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण हौशावर लिहायचं आणि म्हशीबद्दल गप्प बसायचं हे काही खरं नव्हे.

कायदा असावा की नसावा हा वाद मी इथे घालत नाही. मतदानाला टाकला तर आमच्या एका घरातच तीन मतं पडतील. मला सांगायचंय ते हे, की कायदा झाल्यावर बैलाचं मरण मुंबईत ठरलं, आणि त्याच्या जगण्याचा खर्च मात्र आमच्या चुलीपाशी ठेवून सगळे निघून गेले. बैल मरू द्यायचा नाही हे राज्याने ठरवलं, मान्य. मग तो जगणार कशावर, हे प्रत्येक घराने आपापसांत भांडून ठरवावं असं कसं?

या कायद्याने आमच्या आबांची एक सोय मात्र करून ठेवली. "मला तो लागतो" असं त्यांना म्हणावं लागत नाही. आमच्याकडच्या पुरुषांना जनावरावरची माया बोलून दाखवायची सवय नाही. बेंदराच्या दिवशी अंगावर झूल घालतील, शिंगं रंगवतील, आदल्या सांजेला खांदे मळताना "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतील, पण एरवी विचारलं तर "हाय आपला" एवढंच. आबा कायद्याच्या आड उभे राहून माया करतात आणि माझा नवरा हिशेबाच्या आड उभा राहून. कारण त्यालाही हौशा गेलेला बघवणार नाही हे मला माहीत आहे. दोघंही एकमेकांशी जे बोलतात ते खोटं नसतं, पण त्यांना बोलायचं असतं ते वेगळंच. मी मध्ये पडले तर दोघंही मला म्हणतात, तुला काय कळतंय.

मला शेण कळतं.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली गुजरातच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे सहा विरुद्ध एक मताने निकाल दिला, की म्हाताऱ्या बैलाची कत्तल पूर्ण बंद करणं घटनेला धरून आहे. १९५८ साली त्याच न्यायालयाने उलट म्हटलं होतं, की उपयोग संपलेल्या बैलाबाबत सरसकट बंदी रास्त नाही. २००५ च्या निकालात एक कारण असं दिलंय, की बैल म्हातारा झाला तरी निरुपयोगी होत नाही. तो वर्षाला पाच टन शेण देतो आणि त्यातून वीस गाड्या खत होतं. शेणाचं मोल कोहिनूर हिऱ्याहून जास्त असल्याचा उल्लेखसुद्धा त्या निकालपत्रात आहे. मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "मग आपण लई श्रीमंत."

पाच टन म्हणजे दिवसाला साधारण तेरा-चौदा किलो. ते पाटीत भरून उकिरड्यावर नेणारी मी. पावसाळ्यात गोठा निसरडा असताना नेणारीही मीच. शेणखताला मोल नाही असं मी म्हणणार नाही; डाळिंबवाले त्याच्या मागे असतात, आमच्या बागेलाही ते लागतंच. पण शेण आभाळातून पडत नाही. चारशे किलोच्या जनावराला दिवसाला आठ-दहा किलो सुकी वैरण पोटात जावी लागते, वर पाणी. उन्हाळ्यात टँकर आला की आधी माणसांच्या घागरी, मग म्हशी, कारण त्या दूध देतात, आणि मग हौशा. त्याला बादली नेऊन ठेवताना माझ्या मनात कुठलाही कोहिनूर येत नाही. तो मात्र पाणी पिऊन झालं की ओलं तोंड माझ्या खांद्याला पुसतो, रोज, आणि मी रोज त्याच्यावर ओरडते.

त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक म्हटलंय. आयुष्यभर राबलेल्या जनावराला म्हातारपणी निरुपयोगी ठरवून कत्तलखान्यात धाडणं हा निंद्य कृतघ्नपणा आहे. हे मला पटतं. अगदी पटतं. पण राबून घेतलं कुणी? हौशाने नांगरलेल्या रानातली ज्वारी आमच्या घरात पुरून उरली, ती बाजारात गेली, लोकांनी खाल्ली. कृतज्ञता सगळ्यांनी मिळून दाखवायची असेल तर पाटी उचलायला नका येऊ, निदान वैरणीत तरी वाटा उचला.

आता वाटा कुणाला मिळतो ते बघू. २०१७ साली सरकारने गोवर्धन गोवंश सेवा केंद्र योजना आणली, भाकड आणि म्हाताऱ्या जनावरांच्या सांभाळासाठी, मदत संस्थांना. २०२३ साली गोसेवा आयोगाचा कायदा केलात. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलंत आणि त्याच दिवशी देशी गाईच्या पोषणासाठी दिवसाला ५० रुपये मंजूर केलेत, तेही गोशाळांना. (बैलाला कुठली पदवी मिळाली नाही. त्याने मागितलीही नव्हती.) चांगलं चालवणाऱ्या गोशाळेला पैसे मिळावेत याला माझा विरोध नाही. पण या सगळ्या वाटणीत जनावराचा सांभाळ म्हणजे संस्थेतला सांभाळ असंच धरलेलं आहे. ज्या गोठ्यात ते जन्माला आलं, राबलं, म्हातारं झालं तो गोठा कुठल्याही निर्णयात नाही.

दिराचं म्हणणं तेच होतं. तो पुण्यात असतो, त्याचं म्हणणं फोनवर येतं. "एवढी कटकट कशाला, गोशाळेत देऊन टाका, तिथं बघतात नीट." आम्ही एका गोशाळेत जाऊन आलो. माणसं भली होती. पण जागा भरलेली, वैरण देणगीवर, आणि जनावर आणून सोडणाऱ्याने काहीतरी रक्कम जमा करावी अशी त्यांची अपेक्षा. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना तरी कुठून परवडणार. परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, पैसे भरून दुसऱ्याच्या दावणीला बांधायचा, तर मग आपली काय वाईट? आबा त्या दिवशी पहिल्यांदा त्याला "खरं हाय" म्हणाले. ते संध्याकाळपर्यंतच टिकलं.

गोशाळेचा दुसराही एक रस्ता आहे आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल. दिवेलागणीला मोटारसायकलवर एक माणूस येतो. जनावर विकायचंय का असं विचारत नाही. म्हणतो, "म्हातारं जनावर हाय म्हणं. गोशाळेत पोचवतो, तुम्हाला तरास नको." वर थोडे पैसेही देऊ करतो. गोशाळेत पोचवणारा पैसे का देईल, हा प्रश्न घरात कुणीही विचारत नाही. हा माणूस २०१५ च्या आधी उघड बाजारात भेटायचा, रुमालाखाली बोटं धरून भाव करायचा, आणि भाव नाही पटला तर बैल परत घरी आणता यायचा. आता तो अंधारात येतो, भाव तोच ठरवतो, आणि घरातल्यांना एकमेकांच्या तोंडाकडे न बघण्याचं कारण देऊन जातो. आमच्याकडे आला तेव्हा आबा रानात होते. नवऱ्याने त्याला नाही म्हटलं, पण ताबडतोब नाही म्हटलं नाही. मी दारात उभी होते. त्या मधल्या वेळाबद्दल आम्ही नवरा-बायको अजून बोललेलो नाही.

आणि तिसरा रस्ता म्हणजे रात्री दावं सोडून चार गावं पलीकडे हाकलून देणं. मग तो कुणाच्या शाळूत तोंड घालतो, कुऱ्हाडीचा घाव खातो, हायवेला ट्रकखाली येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावर असं टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. मेलेल्या बैलाचे २५ हजार, गोशाळेतल्या गाईचे दिवसाला ५०, आणि टाकून दिलेल्या बैलाचा दंड जास्तीत जास्त ५० रुपये, एकदाच. आमच्या घरात तीन मतं असली तरी या तीन आकड्यांपुढे सगळेच एकमताने डोक्याला हात लावतात.

म्हणून मागणी. जो शेतकरी आपला थकलेला बैल आपल्याच गोठ्यात मरेपर्यंत सांभाळायला तयार आहे, त्याला गोशाळेइतकंच अनुदान थेट द्या. ५० रुपये म्हणजे छावणीच्या दराच्या निम्मे. निम्मा भार आमचा, निम्मा राज्याचा, असं समजा. त्याने माझ्या नवऱ्याचं गणित पुरतं सुटणार नाही, पण तो आबांसमोर बसून ते पुन्हा मांडायला तयार होईल, हे मी खात्रीने सांगते.

लबाडी होईल, मेलेल्या बैलाच्या नावाने लोक पैसे उचलतील, असं कुणी म्हणेल. होईलच की, छावणीतही झाली होती म्हणतात. पण २०२४ च्या जूनपासून कानातल्या बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करायची नाही असा नियम तुम्हीच केलात ना? हौशाच्या कानात तो पिवळा बिल्ला आहे, बारा आकडी नंबरासकट. लसीकरणाला पशुवैद्यकीय दवाखान्यातली माणसं वस्तीवर येतातच. त्यांनी येऊन बिल्ला बघावा, बैल उभा आहे का बघावं, फोटो काढावा. ग्रामसभेत यादी वाचावी. गावात कुणाचा बैल मेला आणि कुणाचा जिवंत आहे हे लपून राहत नाही; कुणाच्या घरात काय शिजलं ते लपत नाही तिथे बैल कुठला लपतो.

उत्तर प्रदेशात २०१९ पासून मोकाट गोवंश घरी नेऊन सांभाळणाऱ्याला सरकार पैसे देतं, आधी दिवसाला ३० होते, २०२३ मध्ये ५० केले. म्हणजे पैसे संस्थेऐवजी माणसाला देता येतात, हे तिथे करून झालंय. फक्त त्यांची योजना जनावर मोकाट झाल्यावर सुरू होते. शेजाऱ्याने सोडलेला बैल मी बांधला तर मला पैसे, आणि माझाच बैल मी सोडलाच नाही तर काही नाही. ही चूक आपण आणू नये. दावं सुटण्याच्या आधी मदत यायला हवी.

वय किती धरायचं, देशीच बैल की संकरितही, एका घराला किती जनावरांपर्यंत, हे तुमच्या अधिकाऱ्यांनी ठरवावं. माझ्या मते संकरित गोऱ्ह्यांचा प्रश्न याहून मोठा आहे, त्यांना तर जन्मल्यापासूनच काम नसतं. पण त्यावर लिहायला बसले तर दुसरं पत्र होईल. म्हाताऱ्या बैलाचा औषधपाणी खर्च मात्र यात धरा. शिंगाचा कर्करोग आपल्याकडच्या बैलांत नवा नाही, आणि शिंग कापायला डॉक्टर बोलवायचा की नाही यावरूनही घरं भांडतात.

एक अट मात्र मी घालणार आहे आणि ती आमच्या घरातल्या दोन्ही पुरुषांना आवडणार नाही. पैसे गोठ्यात राबणाऱ्या माणसाच्या खात्यावर टाका. बैल आबांच्या नावाचा, कर्ज नवऱ्याच्या नावाचं, पण पाटी माझ्या डोक्यावर असते आणि गावात बहुतेक घरी अशीच असते. आबांच्या खात्यावर गेले तर ते हौशाला नवे घुंगूर आणतील. नवऱ्याच्या खात्यावर गेले तर सोसायटी हप्त्यात वळते करून घेईल. माझ्या खात्यावर आले तर सुगीत वैरण स्वस्त असते तेव्हा मी ती घेऊन ठेवीन, आणि उन्हाळ्यात घरात होणारी निम्मी वादावादी तिथेच मिटेल.

आमच्याकडे सध्या "दिवाळीनंतर बघू" असं ठरलंय. गेल्या वर्षीही असंच ठरलं होतं. आबांचे गुडघे हौशासारखेच झालेत, यंदा ते स्वतः वैरण काढायला जाऊ शकलेले नाहीत आणि त्यामुळे त्यांचा शब्द घरात पूर्वीइतका चालत नाही. हे त्यांनाही कळतं. परवा ते मला एकटीला म्हणाले, "तू तरी न्हाय म्हणू नगंस." मी काही बोलले नाही. माझं नाही किंवा हो याला किंमत यायला माझ्या हातात काहीतरी असावं लागेल, म्हणून हे पत्र तुम्हाला.

पशुवैद्यकीय दवाखान्यात कुठल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, सोबत कुठले कागद जोडायचे, ते कळवावं. बिल्ल्याचा नंबर, सातबारा, आधार, बँकेचं पासबुक तयार आहे. बैलाचा फोटो हवा असेल तर सकाळी काढून पाठवते. दुपारी तो बसलेला असतो आणि उठवायला जिवावर येतं.

आपली,
माणदेशातल्या एका शेतकरी घरातली सून